डॉक्टरांना कधी बोलवायचं?



अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ साली फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांच्या सहायकाचा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर अपुरे पडत होते, आणि नौदलात रुग्णसेवा करून परतलेल्या अनुभवी माणसांना नागरी रुग्णालयांत त्या तोडीचं काम मिळत नव्हतं. अशा चौघांना त्यांनी घेतलं. त्यांतले तिघे १९६७च्या ऑक्टोबरमध्ये शिकून बाहेर पडले. आपल्याकडे चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने १९९२ साली हे शिक्षण सुरू झालं. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची नोंदही घेतली.

हे शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय काय यायला हवं? वैद्यकाचं ज्ञान, तपासणीचा हात, नोंदी, सचोटी ही यादी कुठल्याही अभ्यासक्रमात सापडते. मला त्यात एक गोष्ट सगळ्यांत वरची वाटते. समोरचा रुग्ण आपल्या आवाक्याबाहेर कधी जातोय हे वेळेत ओळखणं, आणि ते डॉक्टरांना नेमकं सांगणं.

समजा, रात्री कॅज्युअल्टीत पंचावन्न वर्षांचे गृहस्थ येतात. म्हणतात, ‘पित्त झालंय, गोळी द्या.’ जळजळ छातीत आहे, अंगाला घाम आहे, जुना मधुमेह आहे. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका फारशा वेदनेशिवायही येऊ शकतो. अशा रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघायला हवा. पहिला ठीक दिसला तरी तेवढ्यावर निर्धास्त व्हायचं नसतं, तो पुन्हा काढावा लागतो.

आता फोन. ‘सर, छातीत दुखणारा पेशंट आलाय,’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. वय, मधुमेह, त्रास कधी सुरू झाला, नाडी, रक्तदाब, ईसीजीत काय दिसतंय, स्वतःला शंका कशाची आहे आणि ‘सर, आपण लगेच यावं’ हे सगळं मिनिटभरात सांगता आलं पाहिजे. हे पाठांतराने येत नाही. ज्याने रुग्णाला स्वतः हात लावून तपासलंय, धीराने विचारलंय, त्यालाच ते सांगता येतं.

बाहेर बाकावर बसलेली त्या गृहस्थांची पत्नी विचारते, ‘डॉक्टर, काळजीचं आहे का?’ आपल्याकडे पांढरा कोट दिसला की माणसं डॉक्टरच म्हणतात. तिथे ‘मी डॉक्टरांचा सहायक आहे, त्यांना बोलावलंय, तपासण्या सुरू आहेत,’ असं स्पष्ट सांगायला हवं. खोटा दिलासा देऊ नये, घाबरवूही नये.

मात्र सगळा भार या मुलांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. रात्री दोन वाजता ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ असं ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी फोन करायला कचरतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून शेवटच्या तोंडी परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला असा फोन करायला लावावा, आणि पलीकडे फोन घ्यायला विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनाच बसवावं.