शेवग्याचं कढण आणि त्यातली आपली वाटी
(मासिक सभेतील भाषण)



गटातल्या एका ताईंनी मला विचारलं, "सासूबाई तापातून उठल्यात, तोंडाला चव नाही म्हणतात. सूपचं पाकीट आणू का?" मी म्हटलं, ताई, दारात शेवगा उभा आहे, मग पाकीट कशाला? आपलं कढण म्हणजे सूपच की! ज्यांनी कधी केलं नाही, त्यांनी नीट ऐका.

चौघांसाठी 4 शेंगा, मूठभर शेवग्याचा पाला, पाव वाटी मूगडाळ, 1 कांदा, 2 टोमॅटो, 5-6 लसूण पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, जिरे, 5-6 मिरे, 2 चमचे तेल किंवा तूप आणि 6 वाट्या पाणी घ्या.

आधी कुकरमध्येच तेलात जिरे तडतडू द्या. मग कांदा मंद आचेवर परता. इथं घाई करू नका. कांदा गुलाबी होऊन गोडसर वास सुटला, की निम्मी चव तिथंच आली. मग आलं-लसूण, त्यावर टोमॅटो. टोमॅटो गळला की डाळ, शेंगांचे तुकडे, थोडं मीठ आणि गरम पाणी घालून 3-4 शिट्ट्या करा.

गार झाल्यावर हातानं कुस्करून चाळणीतून गाळा. शेंगांचा गर आणि डाळ खाली उतरली पाहिजे, चोथा तेवढा टाका. मग बारीक चिरलेला पाला घालून 5 मिनिटं उकळा. शेवटी कुटलेले मिरे. लिंबू मात्र खाली उतरवल्यावरच पिळा.

आता चाखा. सपक लागलं तर चिमूटभर मीठ, तरीही कमी वाटलं तर लिंबू. खारट झालं तर गरम पाणी आणि थोडी शिजलेली डाळ घाला.

त्या ताईंनी केलं, घरात सगळ्यांना आवडलं. मी विचारलं, "तुम्ही किती प्यायलात?" तर हसून म्हणाल्या, "पातेलं विसळून घेतलं!"

बायांनो, हे हसण्यावारी नेऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. शेवग्याच्या पाल्यात लोह असतं आणि लिंबामुळे ते अंगी लागायला मदत होते. त्यावर लगेच चहा मात्र घेऊ नका. नुसत्या कढणानं रक्त भरत नाही, तपासणी करा आणि दिलेल्या गोळ्या चुकवू नका. पण सुरुवात आपल्या चुलीपासून करू या.

म्हणून एकच सांगणं. वाढायच्या आधी वाट्या मांडा. घरात माणसं चार, तर वाट्याही चार. त्यातली एक आपली, आणि ती भरूनच घ्यायची. पुढच्या सभेला मी चव कशी झाली ते नाही विचारणार, तुमची वाटी भरली का, ते विचारणार आहे.