समुद्राच्या गणिताचा ताळा



आल्यापासून प्रत्येकाने विचारलं, "तू नेमकं काय करतेस?" मी कम्प्युटरमधल्या समुद्राचा हिशेब तपासते.

मॉडेलमध्ये समुद्राचे लाखो कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्याला एकच तापमान आणि एकच खारटपणा. शेजारून थोडं पाणी आलं, की गणित त्याची पूर्ण कप्प्याशी सरासरी काढतं. म्हणजे निसर्गात न झालेलं मिश्रण कागदावर होऊन बसतं.

खरा समुद्र मात्र सहजासहजी मिसळत नाही. 1992 मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे 300 मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू पाण्यात विरघळवून सोडला. काही महिन्यांत तो आडवा शेकडो किलोमीटर पसरला, पण वर-खाली मात्र जेमतेम काही दहा मीटर!

मग मॉडेलचं खोटं मिश्रण पकडायचं कसं? 1982 मध्ये स्वीडनच्या यस्टा वालिन यांनी एक वाट दाखवली. ठरावीक तापमानाच्या पाण्याचं एक खातं उघडायचं. घनतेचं किंवा खारटपणाचंही उघडता येतं. ऊन, वारा, पाऊस आणि नद्या यांमुळे त्या खात्यात किती पाणी आलं-गेलं ते मांडायचं. प्रवाहाने किती आणलं, किती नेलं तेही मांडायचं. मग खात्यातली प्रत्यक्ष वाढ-घट बघायची. जो फरक उरतो, तो मिश्रणाचा. त्यातून आपण सूत्राने मुद्दाम घातलेलं मिश्रण वजा केलं, की उरतं ते गणिताने परस्पर केलेलं.

याने आपल्याला काय फरक पडतो? बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडसर, हलकं पाणी वर तरंगतं. ते झाकणासारखं असल्यामुळे खालचं गार पाणी सहज वर येत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो आणि त्या उबेवर चक्रीवादळं पोसली जातात. मॉडेलने हे झाकण विरघळवलं, तर वादळाच्या जोराचा अंदाज चुकू शकतो. आपल्या पुण्याच्या आयआयटीएममधल्या मान्सूनच्या मॉडेललाही समुद्राचं मॉडेल जोडलेलं असतं, तेव्हा ही बाब शेतापर्यंत पोचते.

सर्वांत फसवं काय, तर उत्तर बरोबर दिसणं. पाऊस जास्त धरला आणि मिश्रणही जास्त झालं, तर वरच्या पाण्याचा खारटपणा अगदी मोजमापाशी जुळतो. दोन चुका एकमेकींना झाकतात. पुढच्या वर्षी पाऊस बदलला, की पितळ उघडं पडतं.

म्हणून उत्तर जुळलं तरी आम्ही ताळा करतो. भागाकाराचा ताळा न करता वही पुढे केली तर ती परत मिळायची, हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. ती सवय लावणारे गुरुजन आज समोर बसलेत. त्यांना नमस्कार.