कागद आपल्या पेटीत हवा

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)

जोहार साथींनो, आयाबायांनो, आणि मागे झाडाखाली बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या माणसांनो,

आज आम्ही दप्तरावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, दप्तर हे तलाठ्याचं काम, आपलं काम नांगरायचं आणि मोर्चाला जायचं. आम्हालाही तसंच वाटायचं. बारावी झालेली आम्ही चार पोरंपोरी संघटनेच्या खोलीत बसायला लागलो, तेव्हा ज्येष्ठ साथी म्हणाले, तुम्हाला वाचता येतं, दप्तर तुम्ही बघा. आम्ही मनातून नाराज झालो. आम्हाला भाषणं करायची होती. दप्तर म्हणजे काय ते आम्हाला एका आजीने शिकवलं.

गेल्या दिवाळीनंतर एका पाड्यावर दावे नामंजूर झाल्याची पत्रं आली. कारण एका ओळीचं होतं: पुरावा अपुरा. त्यात ही आजीही होती. तिच्या नवऱ्याने जन्मभर तो तुकडा कसला. जंगल खात्याने त्याला तीन वेळा दंड केला आणि तीन पावत्या दिल्या. आम्ही तिला म्हणालो, "आजी, त्या पावत्या काढ, अपिलाला जोडायच्यात." ती आमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पावत्या तुमच्याकडंच हायेत ना? मोर्चाच्या वर्षी तुमचा माणूस घेऊन गेला. झेरॉक्स काढून आणून देतो म्हणला."

आम्ही परत येऊन खोली उपसली. दोन पोती, एक गंजलेली पेटी आणि माळ्यावर दोरीने बांधलेले गठ्ठे. एका पोत्याला खालून वाळवी लागलेली. चौथ्या रात्री एक पावती सापडली. शिक्का शाबूत होता, सालाच्या जागी भोक होतं. बाकीच्या दोन मिळाल्याच नाहीत. त्या कोणी आणल्या, कोणाला दिल्या, याची एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती. साथींनो, हा दोष सरकारवर टाकता येत नाही. हा आपला आहे. आजीने जो कागद कणगीमागे इतकी वर्षं जपला, तो संघटनेने हरवला.

आता त्या पावतीची किंमत बघा. आपल्या बापजाद्यांना तो कागद गुन्हेगार म्हणून मिळाला होता. कोंबडी विकून, मजुरी करून त्यांनी दंड भरला. पण २००६ साली वनहक्क कायदा झाला. कायदा म्हणतो, आदिवासी माणूस १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल आणि आजही कसत असेल, तर त्याचा हक्क मान्य करा. मग आधीपासून कसत होता हे दाखवायचं कशावरून? जंगल खात्याच्या कागदावरून. त्या साली, त्या जागी तू नांगरत होतास असं खात्यानेच लिहून ठेवलंय. गुन्ह्याचा कागद हक्काचा पुरावा झाला.

ज्यांच्याजवळ कागद नाही ते मागे राहतात, हे आपण आधीही भोगलंय. आपल्या राज्य सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतची जंगलजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे कितीतरी लोक तेव्हा यादीबाहेर राहिले, कारण त्यांचं नाव सरकारी कागदात नव्हतं. कसणारा खरा होता, कागद नव्हता.

या वेळी कायद्याने एक मोठी गोष्ट केली आहे आणि ती आपल्या ध्यानात येत नाही. २००८ च्या नियमांत लिहिलंय की दावेदारांची यादी आणि नोंदवही ग्रामसभेने ठेवायची. दावे आणि पुरावे घ्यायचे, त्यांची पोच द्यायची आणि ते सांभाळायचे, हे काम वनहक्क समितीचं. म्हणजे गावाचं दप्तर गावाने ठेवायचं आहे. आपण ते ग्रामसेवकाच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली मागायला तालुक्याला गेलो, तर हातातला अधिकार आपणच परत दिला.

म्हणून चार महिने आम्ही जे करून बघितलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, अस्सल कागद कोणाला द्यायचा नाही. साहेबाला नाही, वकिलाला नाही, आम्हालाही नाही. द्यायची ती झेरॉक्स. अस्सल फक्त दाखवायचा आणि परत घेऊन यायचं. कोणी म्हणालं संघटनेचा माणूस आहे, विश्वास ठेवा, तर त्याला आजीची गोष्ट सांगा.

दुसरी, पोच. कचेरीत अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. साहेब जेवायला गेले असतील तर थांबायचं. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरून चाला, कारण वर्षाने तेच तुम्हाला ऐकवलं जाईल.

तिसरी, तारीख. उपविभागीय समितीने दावा नाकारला तर जिल्हा समितीकडे जायला निर्णयापासून साठ दिवस असतात. निर्णय एका तारखेचा आणि पत्र आपल्या हातात पडतं कितीतरी उशिरा. म्हणून पत्र आलं की ते कोणत्या दिवशी मिळालं ते त्यावर लिहा आणि पाकीट फेकू नका. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का उद्या आपला साक्षीदार होईल.

चौथी, वह्या. फार नकोत, तीन पुरे. एक दाव्यांची: नाव, पाडा, दाव्याचा नंबर, काय काय जोडलं, पुढे काय झालं. दुसरी ग्रामसभेच्या ठरावांची. तिसरी आवक-जावक: कोणता कागद आला, कोणता गेला, कोणी नेला, परत कधी आणला. नेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या. ही तिसरी वही आपल्याकडे असती तर आजीच्या पावत्या कोणाकडे गेल्या ते पाच मिनिटांत कळलं असतं.

ठरावाच्या वहीबद्दल एक सावधगिरी. ठराव संपला की खाली जागा सोडू नका. आडवी रेघ मारा आणि लगेच सह्या, अंगठे घ्या. मोकळ्या जागेत नंतर कोणीही दोन ओळी घालू शकतो. कोऱ्या कागदावर अंगठा तर कधीच देऊ नका. बायांची हजेरी बायांच्याच सहीने लागली पाहिजे. जमिनीचा हक्क नवराबायको दोघांच्या नावाने मिळतो, मग वहीत फक्त नवऱ्याचं नाव का?

पाचवी, जपणूक. आपण बियाणं कसं ठेवतो? उपास पडला तरी बियाण्याला हात लावत नाही. राखेत घालतो, उंदीर लागू देत नाही. कागद तसाच ठेवा. पत्र्याची पेटी, खाली दोन विटा, भिंतीपासून हातभर लांब. टाचण्या काढा, त्या गंजून कागद खातात. दोऱ्याने बांधा. पावसाळ्याआधी एकदा सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या. पेटीला दोन कुलपं लावा, एक किल्ली समितीच्या सचिवाकडे, दुसरी एका बाईकडे. झेरॉक्सचा एक जोड संघटनेच्या खोलीत. एक घर जळालं तरी गावाचा पुरावा जळता कामा नये.

आणि जो कागद अजून झालाच नाही त्याचं काय? नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. जुनी विहीर, घातलेले बांध, मसणवट, देवाची जागा, घराण्याची वंशावळ, हेही पुरावे आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे असतात. पण झाडाखाली बसलेल्या या माणसांना आपण अजून विचारलंच नाही. कोणती शेतं कोणी फोडली, दंड कोणत्या साली झाला, गुरं कुठपर्यंत चरायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. दर पावसाळ्यात त्यातलं एकेक माणूस जातं. हे दप्तर वाळवीपेक्षा लवकर संपतंय.

सामूहिक हक्कालाही हेच लागतं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली त्यांच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव कितीतरी वर्षं आधीपासून एकत्र बसून अभ्यास करत होतं, सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेत होतं. आपणही बसतो, बोलतो, ठरवतो. पण लिहित नाही.

शेवटी संघटनेच्या स्वतःच्या कागदांबद्दल. त्या पोत्यात जुनी पत्रकं सापडली. एकावर लिहिलंय, "सोमवारी चलो कचेरी." कोणता सोमवार? कोणतं साल? ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांनाही आता आठवत नाही. इथून पुढे पत्रक असो, निवेदन असो, फोटो असो, साल टाकल्याशिवाय ठेवायचं नाही. या पत्रिकेच्या प्रत्येक अंकाची एक प्रतही बाजूला काढायची.

आजीचं अपील मुदतीत गेलं आहे. त्याला अर्धी पावती जोडली, दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले, नवऱ्याने घातलेल्या बांधाचा पंचनामा जोडला. हरवलेल्या पावत्यांच्या केसचे कागद मिळावेत म्हणून माहितीच्या अधिकारात जंगल खात्याकडे अर्ज केला आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्याची फी नसते. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. काय होईल ते पुढच्या अंकात सांगू, चांगलं असो की वाईट.

तोपर्यंत एकच मागणं. पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली पेटी आणि वही घेऊन यावं. पेटी नसेल तर कागद पिशवीत आणा, आपण एकत्र बसून लावू. आणि संघटनेने तुमचा एखादा कागद नेऊन परत दिला नसेल, तर सभेत उभं राहून आम्हाला विचारा. आम्ही तो शोधू, आणि वहीत लिहू.

जिंदाबाद.