धनी अनेक, कामगार एक
(नभोवाणीवरील भाषण)

‘उद्यांचें काम’ हा विषय निघाला कीं मोठ्या शहरांतील कांचेच्या इमारती, संगणक आणि विचार करणारीं यंत्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी आपणांस तिकडे न नेतां खानदेशांत, दोंडाईचा येथें नेणार आहें. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यांतील हें व्यापारी गांव. मिरचीच्या बाजाराबद्दल त्याची ख्याती आहे. शहरांतील सुशिक्षितांस जो प्रश्न आज नवा वाटतो, तो अशा बाजारांतील हमालानें पिढ्यान् पिढ्या पाठीवर वाहिला आहे.

शेतकऱ्याची गाडी आवारांत आली म्हणजे हमाल पोतीं उतरवितो, तोलणारा कांटा लावतो आणि माल अडत्याकडून व्यापाऱ्याकडे जातो. या हमालाचा धनी कोण? सकाळीं त्यानें एकाचीं पोतीं उतरविलीं, दुपारीं दुसऱ्याचा ट्रक भरला, सायंकाळीं तिसऱ्याची थप्पी लावली. काम सर्वांचें केलें, परंतु हजेरीपटावर नांव कोणाच्याच नाहीं. उद्यां त्याची पाठ मोडली, तर ती दुखापत कोणाच्या खातीं मांडावयाची?

विसाव्या शतकानें नोकरीची निराळी कल्पना रूढ केली. गिरणीचा भोंगा, एक धनी, ठरलेला पगार. १९५२ च्या कायद्यानें भविष्यनिर्वाह निधि आणि १९७२ च्या कायद्यानें ग्रॅच्युइटी. या व्यवस्थेंत संरक्षण होतें, पण तें नोकरीला बांधलेलें होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढील वर्षांत एकामागून एक भोंगे बंद पडले. नोकरी गेली, तिच्याबरोबर कवचही गेलें.

आतां आपल्या दारीं जेवणाचा डबा आणून देणाऱ्या तरुणाकडे पाहा. त्याच्या हातीं नवें यंत्र आहे, परंतु त्याची स्थिति हमालाचीच आहे. कंपनी त्यास नोकर म्हणत नाहीं, भागीदार म्हणते. एका ॲपचें काम संपलें कीं तो दुसऱ्याचें घेतो. खातें बंद झालें, तर दाद मागावयास समोर माणूसही नसतो.

या प्रश्नास महाराष्ट्रानें पूर्वींच एक उत्तर शोधलें आहे. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या चळवळीमुळें १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची योजना साधी आहे. हमालाची नोंदणी मंडळाकडे होते. जो कोणी काम घेईल, त्यानें मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के आकार मंडळांत भरावयाचा. त्या आकारांतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, औषधोपचार यांची तरतूद होते. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधि बसतात. धनी दहा असोत वा वीस, कामगाराचें खातें एकच राहतें. संरक्षण नोकरीला न बांधतां माणसाला बांधलें, हेंच या कायद्याचें मर्म होय.

त्यांत दोष नाहींत असें नव्हे. माथाडींच्या नांवाखालीं खंडणी उकळणाऱ्यांविषयीं उद्योजकांची तक्रार आहे, आणि ती निराधार नाहीं. परंतु चोर शिरला म्हणून कोणी घर पाडीत नाहीं.

केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें ॲपवरील कामगारांची प्रथमच दखल घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. कंपन्यांनीं वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधींत द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असूं नये, असा तींत नियम आहे. दिशा योग्य आहे. पण माथाडी मंडळांत प्रत्येक मजुरीबरोबर कामगाराच्या खातीं कांहीं जमा होतें. येथें तो योजनेच्या लाभाची वाट पाहणार. हा भेद लहान नाहीं.

मिरचीच्या हंगामांत देठ खुडणाऱ्या स्त्रियांचा विचार केला म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. त्यांना मजुरी वजनावर मिळते, बोटांची आग होते, आणि हंगाम सरला कीं कामही सरतें. पोतें वाहणाऱ्यासाठीं जो न्याय आपण मान्य केला, तो त्या पोत्यांतील मिरची निवडणारीस कां नसावा?

श्रोतेहो, येथें आपणही निराळे राहूं शकत नाहीं. चार घरीं भांडीं घासणारी बाई अनेक धन्यांचीच कामकरी आहे, आणि त्या धन्यांपैकीं एक आपण आहों. तिच्यासाठीं राज्यानें २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु माथाडी मंडळांत व्यापारी भरतो तसा आकार आपल्या घरांतून भरला जात नाहीं. दोंडाईच्याच्या अडत्यानें हमालाच्या म्हातारपणाचा वाटा द्यावा, हें आपणांस सहज पटतें. तोच वाटा आपल्या घरखर्चाच्या वहींत लिहिण्याची आपली तयारी आहे काय? उद्यांच्या कामाचें स्वरूप यंत्रें पुष्कळ अंशीं ठरवितील. त्या कामांत माणसाची काय किंमत राहील, हें मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.