धान जळतं कुठे?
(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, दसरा आला की लाखांदूर-पवनीपासून तुमसरपर्यंत एकच बोलणं कानावर येतं: बांधीत धान जळलं. पाठोपाठ प्रश्न, कोणतं औषध मारू? मी म्हणतो, औषध मागाहून. आधी सांगा, मागच्या वर्षी कुठे जळलं होतं?

दरसाल त्याच कोपऱ्यात, तेही रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांत पीक बसत असेल, तर किडीच्या मागे लागू नका. खालची पानं पाहा. गंजाच्या रंगाचे ठिपके आणि खुजं रोप, म्हणजे खैरा. त्याला रोग म्हणतात खरं, पण मूळ आहे जस्ताची कमतरता, पंतनगरला वाय. एल. नेने यांनी १९६६ साली ते दाखवून दिलं. पाणी कायम साचून राहिलं की जमिनीतलं जस्त पिकाला मिळत नाही. बांधी सपाट करताना वरची माती पलीकडे गेली आणि खालची उघडी पडली, तरी तेच. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट चिखलणीला द्या, मात्र स्फुरदाच्या खतात कालवू नका.   

दुसरी गोष्ट तुडतुड्याची. या किडीचा डाग मात्र दरसाल जागा बदलतो. धान निसवल्यावर मधेच गोल चट्टा वाळतो आणि चहूकडे पसरत जातो. धुऱ्यावरून काही कळत नाही. आत उतरा, चूड बाजूला करा, बुंध्यावर थाप मारा. तपकिरी तुडतुडे टपटप पाण्यावर पडतात. एका चुडाला पाच-दहा निघाले की जागं व्हायचं. बुंधा चिकट लागतो, मग काळाही पडतो.

हा पाहुणा बोलावतं कोण? युरियाचा जादा हात, दाट रोवणी आणि, रागावू नका, आपलाच पंप. सायपरमेथ्रिनसारखी औषधं कोळी आणि इतर मित्रकीटक मारतात. वरून मारलेला फवारा बुंध्यापर्यंत पोचतच नाही. थोड्याच दिवसांत तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त. दुकानदार मग दुसरी बाटली काढतो.

पुढच्या रोवणीला दोन-तीन मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडा. ऊन-वारा बुंध्याशी जाईल, फवारणाऱ्यालाही वाट मिळेल. रोवणाऱ्या बायांना दोरी लावून द्या, नाहीतर सवयीने पट्टा भरून जातो. यंदा लागलाच असेल, तर तीन-चार दिवस पाणी काढा. फक्त वरच्या बांधीचं पाणी सोडण्याआधी खालच्याला विचारा; त्याच्याकडेही तुडतुडा असेल, तर दोघांनी मिळून ते नाल्याला लावा.