अक्कलदाढ काढल्यानंतरचे चार दिवस

मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण अक्कलदाढ काढल्यानंतरचा बराचसा त्रास घरी आल्यावर, आपल्याच हातून ओढवतो.

साधारणपणे १७ ते २५ या वयात येणाऱ्या या दाढेस जबड्यात जागा अपुरी पडली, की ती तिरपी वाढते, हिरडीत अडकते आणि पुष्कळदा काढावी लागते. मागे राहिलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने बांधलेली पट्टीच होय. ती सुटली, की खालचे हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांत तीव्र ठणका लागतो. दंतवैद्य यास ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या दाढेस ही व्याधी अधिक.

आमच्या पेढीवरील एका तरुणाने दाढ काढली. त्याच संध्याकाळी घरच्यांनी मायेपोटी गरम मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरविल्या आणि रात्री या महाशयांनी नेहमीप्रमाणे सिगारेट ओढली. तिसऱ्या दिवशी कान ठणकू लागला, तेव्हा स्वारी कानात घालावयाचे थेंब घेऊन आली! कान निरोगी होता. दाढेच्या खड्ड्यातील कळ कानापर्यंत जात होती. दंतवैद्यांनी खड्डा धुऊन औषधी पट्टी भरली, तेव्हा उतार पडला. मिठाचे पाणी हितकरच, परंतु २४ तासांनंतर, कोमट आणि जोर न लावता.

दवाखान्यात दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. सारखा काढून पाहू नये, बोलू नये. गिऱ्हाइकापुढे दिवसभर बोलणाऱ्या आम्हा दुकानदारांस हे मौन जड जाते खरे! पहिल्या दिवशी लाळ गुलाबी येते, ती गिळावी. वारंवार थुंकल्याने अथवा नळीने पेय ओढल्याने गुठळी सुटते. गालावर बाहेरून, कापडात गुंडाळलेला बर्फ थांबून थांबून लावावा. त्या दिवशी गरम शेक नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसते, तोंडही काही दिवस पुरते उघडत नाही. त्याने घाबरू नये. तंबाखू मात्र किमान तीन दिवस कटाक्षाने टाळावी. कायमची सुटली तर उत्तमच.

आपल्यापैकी अनेकांचा चौविहार असतो. त्यांनी दाढ शक्यतो सकाळी काढून घ्यावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी मऊ, थंडसर आहार व औषध घेता येते. औषधांच्या वेळा दंतवैद्यांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. मनाने मात्रा गाळू नये. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी बाधू शकतात. म्हणून उपवासाच्या, विशेषतः पर्युषणाच्या दिवसांत हे काम काढू नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांनी ते आधी सांगावे, परंतु ती गोळी स्वतःहून बंद करू नये.

बोळा दाबूनही रक्त थांबेना, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला अथवा ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर त्याच दिवशी दंतवैद्यांस दाखवावे. गिळण्यास वा श्वास घेण्यास अडचण वाटली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.