भूमीच्या पोटातले पाणी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विहीर बांधून ती तहानेल्यांसाठी खुली करणे यास आपल्यापैकी बहुतेक जण पुण्य म्हणतात, आम्ही मुसलमान त्यास सवाब म्हणतो. पाण्याला या शब्दभेदाचे सोयरसुतक नाही. परंतु घरोघर नळ आल्यापासून या जुन्या विहिरींकडे आपली पाठ फिरली आहे. कोणी त्यांत निर्माल्य टाकतो, कोणी जळके तेल, कोणी रंगाचे डबे. ‘जमिनीत गेले, म्हणजे संपले’ अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

जमिनीखाली नदी वाहते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथील पाणी बहुतेक ठिकाणी वाळूच्या कणांमधील फटींत आणि खडकांच्या भेगांत साठलेले असते. तेथूनच ते उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे झिरपत जाते. फ्रान्समधील दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते हेन्री दार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून या गतीचा नियम शोधला व तो 1856 साली प्रसिद्ध केला. पातळीचा उतार जितका अधिक आणि थर जितका पारगम्य, तितके पाणी जलद जाते. वाळूत ते दिवसाला काही सेंटिमीटर ते एखाद-दुसरा मीटर सरकते, चिकणमातीत त्याहून कितीतरी मंद. खडकाच्या भेगांत मात्र ते धावते. म्हणून आज टाकलेली घाण शेजाऱ्याच्या विहिरीत कित्येक वर्षांनी उतरू शकते, आणि तोवर टाकणाराही ती विसरलेला असतो.

सगळी द्रव्ये सारखी चालत नाहीत. चाळणीत काळी माती भरून तीवर मीठ व मेथिलीन ब्लू मिसळलेले पाणी ओतले, तर मीठ पाण्याबरोबर खाली येते. निळा रंग मातीलाच चिकटून राहतो. खतांतील नायट्रेट या मिठासारखे वागते. पेट्रोल पाण्याच्या पातळीवर तरंगते. यंत्रे धुण्याची काही क्लोरीनयुक्त द्रावणे पाण्याहून जड असल्यामुळे थेट तळ गाठतात आणि तेथून वर्षानुवर्षे विरघळत राहतात.

आपल्या बडोद्याच्या आसपास रंग-रसायनांचे कारखाने आहेत. त्यामुळे शेजारच्या राजस्थानातील बिछडी या गावाची हकीकत आपण ऐकलीच पाहिजे. उदयपूर जिल्ह्यातील या गावाजवळ 1988च्या सुमारास ‘एच ॲसिड’ हे रंगनिर्मितीस लागणारे रसायन तयार होऊ लागले. सुमारे 375 टन माल निघाला. त्यापायी 2,400 टनांहून अधिक विषारी गाळ आणि सुमारे 8,250 घनमीटर सांडपाणी झाले. म्हणजे एक किलो मालामागे सहा किलोंहून अधिक गाळ व बावीस लिटर दूषित पाणी! गाळ उघड्यावर पडला, काही मातीत मिसळला गेला. पावसाने तो धुऊन खाली नेला. विहिरींचे पाणी काळसर-तांबडे झाले. ते माणसांच्या, गुरांच्या वा शेतीच्याही उपयोगाचे राहिले नाही. लोकांचा क्षोभ एवढा झाला की जमावबंदी पुकारावी लागली, आणि 1989 साली ते उत्पादन बंद पडले.

कारखान्याने ते रसायन फार तर वर्षभर काढले असेल. निस्तरणे किती चालले पाहा. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेने पाहणी करून 1994 साली अहवाल दिला. 13 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा. तो खर्च 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये ठरला. तरी रक्कम भरली गेली नाही. अखेर 2011 साली न्यायालयाने ती बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम केला. मूळ निकालास तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती!

मग शुद्धीकरण होतच नाही काय? होते. प्रथम घाणीचे मूळ, म्हणजे गाळ आणि भिजलेली माती, उपसून काढावी लागते. मग दूषित पाणी पंपाने वर खेचून सक्रिय कोळशातून गाळतात. काही ठिकाणी पाण्याच्या वाटेवर जमिनीतच लोखंडाच्या किसाची भिंत घालतात. पाणी तीतून जाताना काही विषांचे विघटन होते. तेलासारखी द्रव्ये जंतूंकडूनही खाववता येतात. पण मातीला चिकटलेले विष थोडे थोडे सुटतच राहते. पंप थांबवला की पाणी पुन्हा बिघडते. ज्या घाणीला शिरायला एक पावसाळा पुरला, तिला काढायला पिढी लागते, ती यामुळे.

भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण बरीच रसायने जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. नितळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर, अशी वर्षातून दोनदा विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

विश्वस्त मंडळींस आमची एवढीच विनंती आहे. आपल्या ट्रस्टच्या आवारातील विहीर आज वापरात नाही. ती बुजवू नये, तीवर जाळी बसवावी, आणि तिच्या पाण्याचा तपासणी-अहवाल दरवर्षी जमाखर्चाबरोबर सभासदांपुढे ठेवावा. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती नुसती आपल्यासाठी बांधलेली नव्हती. त्या विहिरीचे पाणी आणि शेजारच्या वस्तीतील हातपंपाचे पाणी खाली एकच आहे. त्या पाण्याची राखण हाही ट्रस्टचा धर्मादायच होय.